विश्लेषण : मोटाररस्ता होता होता वाचली ३०० किलोमीटरची सायकलवाट! कालव्याकाठच्या ‘ग्रॅव्हल बायकिंग’चे गणित काय?

अमेरिकेत वॉशिंग्टनपासून कम्बरलँडपर्यंत सुमारे २९७ किलोमीटरची एक मातीची वाट आहे. या वाटेवर मोटार आणि मोटारसायकलला बंदी आहे. जगभरातील ‘ग्रॅव्हल’ सायकलस्वारांना ती ठाऊक असते. मात्र ही वाट सायकलींसाठी बांधलेलीच नव्हती. ती होती कोळशाच्या बोटी ओढणाऱ्या खेचरांची. सत्तर वर्षांपूर्वी तिच्या जागी मोटाररस्ता करण्याचे जवळपास ठरले होते. तो का टळला, हे समजून घेणे पुण्यासारख्या शहरासाठीही महत्त्वाचे आहे. कारण कालव्याच्या मोकळ्या होणाऱ्या पट्ट्याचे काय करायचे, हा प्रश्न आता तिथेही उभा राहणार आहे.

ग्रॅव्हल बायकिंग म्हणजे काय?

ग्रॅव्हल म्हणजे खडी. डांबरी रस्ता सोडून खडीच्या, मुरमाच्या किंवा पक्क्या मातीच्या वाटेवर लांबचा पल्ला गाठणे, याला ग्रॅव्हल बायकिंग म्हणतात. त्यासाठीची सायकल दिसायला शर्यतीच्या सायकलीसारखी असते. हँडल तसेच खाली वळलेले असते. फरक असतो तो टायरमध्ये. शर्यतीच्या सायकलीचे टायर साधारण २५ ते ३२ मिलिमीटर रुंद असतात, तर ग्रॅव्हल सायकलीचे ३५ ते ५० मिलिमीटर. त्यात हवाही कमी, म्हणजे बहुधा ३० ते ४५ पीएसआयच्या आसपास भरली जाते. रुंद आणि किंचित मऊ टायर लहान खडे पोटात घेतो. त्यामुळे प्रत्येक खड्यावर सायकल उसळत नाही आणि ताकद वाया जात नाही. सोबत डिस्क ब्रेक आणि चढासाठी हलके गिअर असतात.

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात २००६ पासून होणाऱ्या ३०० किलोमीटरहून लांब शर्यतीने हा प्रकार गाजवला. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने २०२२ मध्ये इटलीत त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद शर्यतही घेतली. मात्र बहुसंख्य लोकांना शर्यतीत रस नसतो. त्यांना मागून ट्रक येणार नाही, अशी वाट हवी असते. ती शोधत ते हमखास पोहोचतात ते नदीच्या किंवा कालव्याच्या काठावर.

कालव्याचाच काठ का?

याचे उत्तर पाण्याच्या स्वभावात आहे. नावा चालवण्यासाठी खोदलेल्या कालव्यात पाणी जवळजवळ स्थिर लागते. त्यामुळे तो डोंगर चढत-उतरत जात नाही. जमिनीच्या समपातळीचा माग काढत तो वळसे घेतो. उंची बदलायचीच असेल तर तिथे ‘लॉक’ बांधतात. लॉक म्हणजे दोन्ही बाजूंना दारे असलेला दगडी हौद. नाव आत घ्यायची, दार लावायचे, पाणी भरायचे किंवा सोडायचे आणि नाव वरच्या किंवा खालच्या पातळीला न्यायची. म्हणजे कालव्याचा सगळा चढ या हौदांपाशी गोळा होतो. दोन लॉकच्या मधली वाट सपाट राहते.

वाट काठावर असण्याचे कारणही साधे आहे. इंजिन येण्यापूर्वी नावा घोडे किंवा खेचरे दोराने ओढत. त्यांना चालायला पाण्यालगत सलग वाट लागे. इंग्रजीत तिला ‘टो-पाथ’ म्हणतात, म्हणजे ओढवाट. दोर अडू नये म्हणून या वाटेवर झाडे-झुडपे, कुंपणे ठेवत नसत. पूल आला तर ती पुलाखालून जाई. या गरजेचा लाभ आज सायकलस्वाराला मिळतो. कमी चढ, सलग वाट आणि मोठे रस्ते बऱ्याच ठिकाणी डोक्यावरून जाणारे. नव्याने अशी वाट आखायची तर जमीन संपादनातच पिढी जाईल. कालव्याकाठी ती दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच आखून झालेली आहे.

चेसापीक अँड ओहायो कालवा काय आहे?

वॉशिंग्टनजवळचा हा कालवा पोटोमॅक नदीच्या काठाने जातो. ४ जुलै १८२८ रोजी अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी त्याच्या कामाचा प्रारंभ केला. त्याच दिवशी बाल्टिमोरमध्ये बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या कामाचाही नारळ फुटला. दोघांनाही पश्चिमेकडे ओहायो नदीचे खोरे गाठायचे होते. शर्यत रेल्वेने जिंकली. कालवा कम्बरलँडला पोहोचायला १८५० उजाडले. रेल्वे तिथे आठ वर्षे आधीच पोहोचली होती. कालव्याचे काम तिथेच थांबले.

तरीही हा कालवा अभियांत्रिकीचा मोठा नमुना आहे. त्यावर ७४ लॉक आणि उपनद्या ओलांडणारे ११ दगडी जलसेतू आहेत. एका ठिकाणी नदीची वळणे टाळण्यासाठी सुमारे ९५० मीटरचा ‘पॉ पॉ’ बोगदा खोदला आहे. तो पूर्ण व्हायला १४ वर्षे लागली. संपूर्ण कालव्यात उंचीचा फरक सुमारे १८४ मीटर आहे. २९७ किलोमीटरवर तो वाटला तर सरासरी किलोमीटरमागे ६२ सेंटिमीटर होतात. आपल्याकडच्या घाटरस्त्यात एवढी चढण दहा-बारा मीटरमध्येच होते.

या कालव्यातून प्रामुख्याने कोळसा जाई. एका बोटीत १००हून अधिक टन माल असे आणि तो ओढायला दोन-तीन खेचरे पुरत. १९२४ च्या पुराने कालव्याचे मोठे नुकसान झाले. रेल्वेपुढे तो आधीच टेकीला आला होता. दुरुस्ती झाली नाही आणि वाहतूक कायमची थांबली. अमेरिकी सरकारने १९३८ मध्ये २० लाख डॉलरला तो रेल्वे कंपनीकडून विकत घेतला.

मोटाररस्ता कसा टळला?

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मोटारींचा सुकाळ झाला. कालव्याचा हा सलग, सपाट आणि सरकारी मालकीचा पट्टा रस्ते आखणाऱ्यांच्या नजरेत भरला. पट्ट्यावर निसर्गरम्य मोटाररस्ता करावा, लोकांना गाडीतून नदी पाहता येईल, असा प्रस्ताव पुढे आला. ज्या राष्ट्रीय उद्यान विभागाकडे कालवा होता, तो विभागही या प्रस्तावाच्या बाजूने होता. जानेवारी १९५४ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने अग्रलेख लिहून त्याला पाठिंबा दिला.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम ओ. डग्लस यांनी त्यावर वृत्तपत्राला पत्र लिहिले. त्यांचे म्हणणे असे की, ही जागा गाडीच्या काचेतून पाहण्याची नाही. अग्रलेख लिहिणाऱ्यांनी आपल्यासोबत हा कालवा पायी चालून पाहावा, मग मत बनवावे. वृत्तपत्राने हे आव्हान स्वीकारले. २० मार्च १९५४ रोजी डग्लस, पत्रकार आणि निसर्ग अभ्यासक कम्बरलँडहून निघाले. वाटेत लोक येत-जात राहिले. आठ दिवसांनी वॉशिंग्टनला पोहोचले, तेव्हा डग्लस यांच्यासह जेमतेम नऊ जणांनी संपूर्ण अंतर पायी पार केले होते. नंतर ‘पोस्ट’ने आपल्या भूमिकेत बदल केला आणि कालव्याचा बराचसा भाग आहे तसा राखावा, असे मत मांडले.

ही गोष्ट बहुतेकदा इथेच संपवली जाते. पण पदयात्रेने वाट वाचली असे म्हणणे अर्धेच खरे आहे. पदयात्रेने प्रस्ताव थांबला, वाटेला कायद्याचे संरक्षण मिळाले नव्हते. १९६१ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी कालव्याला राष्ट्रीय स्मारक घोषित केले. राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा कायदा होण्यासाठी मात्र ८ जानेवारी १९७१ ची वाट पाहावी लागली. म्हणजे पदयात्रेनंतर जवळपास १७ वर्षे पाठपुरावा सुरू होता. या काळात मोहीम थंडावली असती तर आज तिथे मोटारीच धावल्या असत्या.

आज या वाटेवर सोयी आणि नियम काय आहेत?

वाटेवर दर काही किलोमीटरवर पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी तंबू ठोकण्याच्या साध्या जागा आहेत. तिथे मोसमात हातपंपाचे पाणी, एक तात्पुरते शौचालय आणि जेवणाचे बाक असते. लॉकवर देखरेख करणाऱ्यांची जुनी दगडी घरे अजून उभी आहेत. त्यातील काही घरे दुरुस्त करून मुक्कामासाठी भाड्याने दिली जातात. वॉशिंग्टन आणि पिट्सबर्गदरम्यानच्या रेल्वेत सायकल नेता येते. त्यामुळे जाताना सायकल आणि येताना रेल्वे असे नियोजन करता येते.

नियम मोजके पण स्पष्ट आहेत. सायकलचा वेग ताशी सुमारे २४ किलोमीटरच्या आत ठेवायचा. सायकलला घंटी हवी आणि कुणाला ओलांडण्याआधी ती वाजवायची. पायी चालणारे आणि घोडेस्वार यांना आधी वाट द्यायची. जलसेतूवरून सायकल हातात धरून चालत न्यायची. या वाटेवर सायकलस्वार पाहुणा असतो, मालक नसतो, असे हे सगळे नियम सांगतात. शर्यतीच्या वेगाची हौस असणाऱ्यांसाठी ही जागा नाही.

देखभालीचा भार कोण उचलते?

मोटारमुक्त वाट स्वस्तात होते, असा एक समज आहे. या कालव्याचा अनुभव वेगळा आहे. पोटोमॅकला पूर आला की पाणी वाटेवर येते, माती वाहून जाते, भराव खचतो. १९७२ मध्ये अ‍ॅग्नेस वादळाने, १९८५ मध्ये आणि १९९६ मध्ये तर एकाच वर्षात दोनदा असे मोठे नुकसान झाले.

‘बिग स्लॅकवॉटर’ नावाच्या टप्प्याचे उदाहरण बोलके आहे. नदीच्या कड्याला चिकटून जाणारी इथली वाट पुरांनी तुटली. हा टप्पा पाच किलोमीटरपेक्षाही कमी होता. पण तो बंद असल्याने सायकलस्वारांना अरुंद, वळणाच्या डांबरी रस्त्यावर जावे लागे. तिथे मोटारी असत. म्हणजे २९७ किलोमीटरच्या वाटेवर जिवाचा धोका या तुटलेल्या दुव्यात साठला होता. काँक्रीटची वाट बांधून हा टप्पा २०१२ मध्ये पुन्हा खुला झाला. त्यावर कोट्यवधी डॉलर खर्च झाले.

पृष्ठभागाचाही प्रश्न आहे. मातीची वाट पावसात चिखल होते आणि उन्हात त्या चिखलाच्या चाकोऱ्या कडक होतात. गेल्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने बारीक खडी आणि दगडाची भुकटी अंथरून, दाबून वाट पक्की केली जात आहे. आपल्याकडच्या दाबलेल्या मुरमाच्या रस्त्याशी त्याचे जवळचे नाते आहे. डांबराच्या तुलनेत असा थर पाणी मुरू देतो, झाडांच्या मुळांना कमी त्रास देतो आणि उखडला तर स्थानिक कामगारही तो दुरुस्त करू शकतात. पण तो दर काही वर्षांनी पुन्हा घालावा लागतो. हा खर्च अर्थसंकल्पात दरवर्षी असावा लागतो.

गावांना काय मिळाले?

कम्बरलँडला कालवा संपतो, वाट संपत नाही. तिथून पिट्सबर्गपर्यंत ‘ग्रेट अ‍ॅलेगनी पॅसेज’ ही सुमारे २४० किलोमीटरची मोटारमुक्त वाट आहे. ती प्रामुख्याने बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर तयार केली आहे. पिट्सबर्गमधील शेवटचा दुवा २०१३ मध्ये जोडला गेला. कालवा आणि रेल्वे एकेकाळी एकमेकांचे हाडवैरी होते. आज दोघांच्या वाटा मिळून सुमारे ५३५ किलोमीटरचा सलग प्रवास होतो.

या मार्गावरील कित्येक गावे कोळसा, पोलाद आणि रेल्वे यांच्या जिवावर उभी होती. ते उद्योग ओसरल्यावर तरुण बाहेर पडले, दुकाने बंद झाली. सायकलस्वार दिवसाला ५०-८० किलोमीटर जातो आणि मुक्काम करतो. त्याला जेवण, खोली, पंक्चर काढणारा माणूस लागतो. मोटारीने जाणारा न थांबता निघून जातो, सायकलवाला थांबल्याशिवाय पुढे जाऊच शकत नाही. त्यामुळे वाटेवरच्या गावांत खानावळी, छोटी निवासस्थाने, सायकलची दुकाने निघाली. गावे पूर्वीसारखी झाली असे नाही. पण बंद पडलेल्या सरकारी पट्ट्यातून उत्पन्नाचा एक झरा सुरू झाला.

युरोपात वाद नाहीत का?

नदी-कालव्याकाठच्या सायकलिंगचे माहेर युरोप मानले जाते. नेदरलँड्समध्ये सतराव्या शतकात प्रवासी नावा घोड्यांनी ओढल्या जात. त्या काठांवर आज सायकली दिसतात. ऑस्ट्रियात डॅन्यूबकाठची वाट अनेक ठिकाणी जुन्या ओढवाटेवरूनच जाते. अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंतचा ‘युरोव्हेलो ६’ हा चार हजार किलोमीटरहून लांब मार्ग लुआर आणि डॅन्यूब या नद्यांची सोबत करतो.

वाद तिथेही आहेत. फ्रान्सच्या दक्षिणेतील कॅनाल दु मिदी १६८१ मध्ये खुला झाला आणि १९९६ मध्ये जागतिक वारसा यादीत आला. त्याच्या काठच्या सुमारे ४२ हजार चिनार वृक्षांना बुरशीजन्य रोगाने ग्रासले. २००६ पासून हजारो झाडे तोडावी लागली. सावली गेली आणि काठ धरून ठेवणारी मुळेही गेली. आता तिथे रोगाला तोंड देणाऱ्या जाती लावल्या जात आहेत. इंग्लंड आणि वेल्समध्ये ३ हजार किलोमीटरहून अधिक जलमार्ग २०१२ पासून एका धर्मादाय न्यासाकडे आहेत. लंडनमध्ये रीजंट कालव्याची ओढवाट काही ठिकाणी इतकी अरुंद आहे की दोन माणसे शेजारून जेमतेम जातात. तिथे ऑफिसला निघालेले सायकलस्वार आणि चालणारे यांच्यात खटके उडतात. म्हणून न्यासाला वेग कमी करण्याच्या मोहिमा घ्याव्या लागतात. मोटारी हटवल्या म्हणजे सगळे प्रश्न मिटले असे होत नाही. मग चालणारा सर्वांत दुबळा आणि सायकलस्वार बलवान ठरतो.

भारतात कालव्याकाठी काय घडते?

भारतातील बहुतेक कालवे सिंचनाचे आहेत. त्यांना ओढवाट नसते, पण पाहणी आणि दुरुस्तीसाठी सेवा रस्ता असतो. सिंचन कालव्याचा उतारही अगदी सौम्य ठेवावा लागतो. सपाटीचा फायदा इथेही मिळतो. प्रश्न आहे तो अशा रस्त्याचे पुढे काय होते हा.

उत्तर प्रदेशात १८५४ मध्ये सुरू झालेल्या गंगा कालव्याच्या एका काठावरील रस्ता रुंद होत गेला आणि आज त्यावर मोटारींची वर्दळ असते. कावड यात्रेचा मार्ग म्हणून तो ओळखला जातो. आता दुसऱ्या काठावरही सुमारे १११ किलोमीटरचा रस्ता करण्याचा प्रकल्प आहे. त्यासाठी एक लाखाहून अधिक झाडे तोडण्याची परवानगी दिल्याचे समोर आले, तेव्हा २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्याची स्वतःहून दखल घेतली. यात्रेकरूंची सोय हे कारण रास्तच आहे. पण पायी चालणाऱ्यांसाठी म्हणून केलेला डांबरी रस्ता वर्षातील उरलेले महिने कोणाच्या उपयोगी पडतो, हे पहिल्या काठाने दाखवले आहे.

महाराष्ट्रात अडचणी कोणत्या?

पश्चिम महाराष्ट्रात, गोदावरी खोऱ्यात, नीरेच्या दोन्ही काठांना कालव्यांचे जाळे आहे. गावात त्याला पाट म्हणतात. पाटाच्या भरावावरून शेतकरी, पाटकरी, शाळकरी मुले वर्षानुवर्षे जा-ये करतात. सुटीच्या दिवशी शहरातले सायकलस्वारही आता तिथे दिसतात. पण अमेरिकेतील कालवा बंद पडलेला आहे, आपला चालू आहे. हा फरक मोठा आहे.

पहिली गोष्ट सुरक्षेची. आवर्तन सुरू असताना कालव्यातील पाण्याला ओढ असते. अस्तरीकरण केलेल्या कालव्याच्या उतरत्या भिंती गुळगुळीत असतात. त्यात पडलेल्या माणसाला पोहता येत असले तरी बाहेर येणे अवघड होते. काठाला कठडा नसतो. दुसरी गोष्ट भरावाची. पुण्यात २७ सप्टेंबर २०१८ रोजी दांडेकर पुलाजवळ मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटली आणि वस्त्यांमध्ये पाणी शिरून अनेक घरांचे नुकसान झाले. उंदीर, घुशी आणि खेकड्यांनी भराव पोखरल्याचे कारण तत्कालीन जलसंपदामंत्री गिरीश महाजन यांनी दिले होते. त्यावर टीकाही झाली. कारण काहीही असो, भराव ही जिवंत रचना आहे आणि तिची रोज पाहणी लागते, हे त्या घटनेने दाखवून दिले. सायकलीचे वजन भरावाला जड नाही. वाळू, खडी किंवा उसाने भरलेले वाहन मात्र जड असते.

तिसरी गोष्ट हक्काची. अनेक ठिकाणी शेतात जायला पाटाचा रस्ता हाच रस्ता असतो. बैलगाडी, दुचाकी, ट्रॅक्टर तिथूनच जातात. शहरी सायकलस्वारांना शांतता हवी म्हणून शेतकऱ्याची वाट अडवणे अन्यायाचे होईल. त्यामुळे ग्रामीण भागातील चालू कालव्यांवर संपूर्ण मोटारबंदीची मागणी व्यवहार्य नाही. अवजड वाहनांना मज्जाव, एवढेच तिथे मागता येईल. त्यात जलसंपदा विभागाचेही हित आहे.

पुण्यात नेमका प्रश्न काय?

खडकवासला धरणातून निघणारा मुठा उजवा कालवा पर्वती, स्वारगेट, हडपसर असा शहराच्या पोटातून जातो आणि पुढे दौंड, इंदापूरपर्यंत शेतीला पाणी देतो. उघड्या कालव्यातील गळती, चोरी आणि प्रदूषण टाळण्यासाठी खडकवासला ते फुरसुंगी असा सुमारे २८ किलोमीटरचा बोगदा प्रस्तावित आहे. राज्य सरकारने या प्रकल्पाला मान्यता दिली आहे. पाणी बोगद्यातून गेले की शहरातील कालव्याचा पट्टा मोकळा होईल.

सलग, जवळजवळ सपाट, सरकारी मालकीचा आणि शहराच्या मध्यातून जाणारा हा पट्टा आहे. १९५४ मध्ये वॉशिंग्टनच्या कालव्याचे वर्णन नेमके याच शब्दांत झाले असते. आणि तेव्हा सुचलेला उपायच आता पुन्हा सुचणार, तो म्हणजे मोटाररस्ता. वाहतूक कोंडीने हैराण झालेल्या शहरात ही मागणी स्वाभाविक वाटेल. पुण्यात ‘कॅनॉल रोड’ हे नाव आधीपासून आहे. तिथे गेल्यावर कालवा दिसत नाही, गाड्या दिसतात.

एकेकाळी सायकलींचे शहर म्हणवणाऱ्या पुण्याच्या महापालिकेने २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. मात्र रस्त्यांच्या कडेच्या सायकल मार्गांवर दुचाक्या लागतात, टपऱ्या बसतात, मध्येच मार्ग संपतो. रस्त्याची रुंदी वाटून घेताना सायकल नेहमी हरते. कालव्याच्या पट्ट्यावर वाटणीच करायची नसल्याने ही हार टळू शकते. शाळकरी मुले, कामावर जाणाऱ्या घरेलू कामगार महिला, सुरक्षारक्षक, सकाळी फिरणारे ज्येष्ठ नागरिक यांना शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारी सुरक्षित वाट मिळू शकते. ग्रॅव्हल सायकल घेणारा हौशी वर्ग त्यांच्यातला एक, आणि सर्वांत छोटा घटक असेल.

मग आता काय करायला हवे?

वॉशिंग्टनच्या अनुभवातून चार गोष्टी निघतात. एक, वापराचा निर्णय जागा मोकळी होण्याआधी व्हायला हवा. पट्टा एकदा रिकामा पडला की त्यावर अतिक्रमण होते, राडारोडा पडतो. मग ‘निदान रस्ता तरी करा’ अशी मागणी नागरिकच करतात. दोन, निर्णय केवळ ठरावात राहून चालणार नाही. जमिनीच्या कागदपत्रांत आणि विकास आराखड्यात त्याचे आरक्षण हवे. डग्लस यांच्या पदयात्रेचे श्रेय मोठे असले तरी वाट टिकली ती १९७१ च्या कायद्यामुळे.

तीन, मालक एकच हवा. जलसंपदा विभाग, महापालिका आणि रस्ते खाते यांच्यात जबाबदारी विभागली की खचलेला तुकडा कोणी दुरुस्त करायचा हे ठरत नाही. बिग स्लॅकवॉटरचे पाच किलोमीटर जोडायला अमेरिकेलाही वर्षे लागली. शहरात तर प्रत्येक चौक हा असा तुटलेला दुवा असतो. तिथे पादचारी-सायकल प्राधान्याचा सिग्नल किंवा भुयारी मार्ग नसेल तर बाकीच्या सपाट वाटेचा उपयोग नाही. चार, प्रवेशाच्या प्रत्येक जागी दुचाकी आत शिरणार नाही पण व्हीलचेअर आणि हातगाडी जाईल, असे अडथळे हवेत. हे काम तांत्रिकदृष्ट्या किरकोळ आहे, पण आपल्याकडचे बहुतेक सायकल मार्ग नेमके इथेच फसले आहेत.

अशा वाटेसाठी काँक्रीटचे मोठे कंत्राट लागत नाही. दाबलेला मुरूम, पाण्याचा निचरा, झाडांची सावली, रात्रीचे दिवे आणि नियमित देखभाल एवढे पुरते. कदाचित म्हणूनच अशा प्रकल्पाला वाली मिळणे अवघड जाते. बोगद्याचे काम पूर्ण व्हायला काही वर्षे लागतील. तेवढा वेळ पुण्याच्या हातात आहे. पर्वतीपासून हडपसरपर्यंतचा पट्टा कोणासाठी राखायचा, हे या काळात नागरिकांना विचारून कागदावर आणता येईल. पहिला डंपर तिथे पोहोचल्यावर तो प्रश्न विचारण्यात फारसा अर्थ उरणार नाही.